लोंबार्डींतील शेजाऱ्यांचें वैर

आपल्याकडील वाचकांस इटलीच्या स्वातंत्र्याची ओळख बहुधा मॅझिनी व गॅरिबाल्डी यांच्या चरित्रांतून झालेली असते. ऑस्ट्रियाच्या सैन्यास हटवून १८५९ सालीं गॅरिबाल्डी कोमो शहरांत शिरला. त्या शहराच्या माथ्यावरील टेकडीवर बाराडेल्लो किल्ल्याचा जुना बुरूज आजही दिसतो. हा किल्ला बाराव्या शतकांत पुन्हां उभा राहिला, तो मात्र जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याच्या साहाय्यानें. ज्या गांवानें परक्यांस हुसकावणाऱ्या वीराचें स्वागत केलें, त्याच गांवानें एके काळीं परक्यास मित्र मानावें, याचें मर्म कळण्यास सातशें वर्षें मागें जावें लागतें.

आल्प्स पर्वत व पो नदी यांच्या दरम्यान पसरलेल्या लोंबार्डी प्रांतांत मिलान, पाविया, लोदी, क्रेमोना, बेर्गामो, ब्रेशा हीं शहरें इतकीं जवळजवळ आहेत कीं, प्रवाशास एका दिवसांत दोन शहरें सहज पाहतां येतात. प्रत्येकाचें ख्रिस्तमंदिर निराळें, चौक निराळा आणि अभिमानही निराळा. बाराव्या शतकांत हीं नगरें आपले कारभारी आपणच निवडीत. सम्राटाचें स्वामित्व बव्हंशीं नांवाचेंच उरलें होतें. परंतु स्वातंत्र्य आपणांस हवें, शेजाऱ्यास नको, अशी जो तो समजूत करून बसलेला. त्यांत मिलान सर्वांहून बलाढ्य. त्यानें ११११ मध्यें लोदी उद्ध्वस्त केलें. दहा वर्षांच्या युद्धानंतर ११२७ मध्यें कोमोचीही तीच गत केली. लोदीकरांस विखुरलेल्या वाड्यांतून दिवस कंठावे लागले, आणि पुढें त्यांचा आठवड्याचा बाजारही मिलाननें बंद पाडला.

११५३ सालीं जर्मनींतील कॉन्स्टन्स येथें फ्रेडरिकचा दरबार भरला असतां लोदीचे दोन नागरिक खांद्यावर क्रूस घेऊन त्याच्यापुढें उभे राहिले आणि मिलानविरुद्ध न्याय मागूं लागले. ही वार्ता कळतांच लोदीचेच पुढारी भयानें गांगरले. त्यांचें भय खरें ठरलें. ११५८ मध्यें मिलाननें लोदी पुनः जाळलें, आणि त्याच वर्षीं फ्रेडरिकनें आद्दा नदीच्या तीरीं नवें लोदी वसविलें.

मिलानची पाळी ११६२ त आली. दीर्घ वेढ्यानंतर शहर शरण आलें, नागरिकांस बाहेर घालविण्यांत आलें, आणि तें पाडण्याचें काम सम्राटानें शेजाऱ्यांस वांटून दिलें. पूर्वेकडील वेशीचा भाग लोदीस, रोमकडील क्रेमोनास, तिचिनोकडील पावियास आणि कोमोकडील वेस अर्थातच कोमोस! स्वतःच्या पडक्या भिंतींचें उट्टें काढण्याची अशी संधि क्वचितच कोणास मिळाली असेल.

परंतु सूडाचा आनंद अल्पकाळ टिकला. सम्राटाचे अधिकारी कर वसूल करूं लागले, आणि शत्रूंबरोबर मित्रही भरडले गेले. तेव्हां ११६७ च्या मार्चमध्यें क्रेमोना, बेर्गामो, ब्रेशा व मांतुआ यांनीं ऐक्याची शपथ घेतली. एप्रिलच्या २७ तारखेस संघाच्या सैन्यानें मिलानच्या निर्वासितांस त्यांच्या उजाड नगरींत परत नेऊन बसविलें. पांच वर्षांपूर्वीं ज्या क्रेमोनानें मिलान पाडण्यास हात लावला, तेंच आतां त्याच्या साहाय्यास उभें होतें! रोमकडील वेशीवर कोरलेला हा परतीचा देखावा आज मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यांतील संग्रहालयांत पाहावयास मिळतो.

येथें कथा संपती तर ती बोधकथा झाली असती. इतिहास इतका सरळ नसतो. कोमो सरोवरांत कोमाचीना नांवाचें चिमुकलें बेट आहे. पूर्वींच्या युद्धांत तें मिलानच्या बाजूस होतें, हें कोमो विसरलें नव्हतें. मिलानकर घरीं परतले त्याच्या दोनच वर्षांनीं, ११६९ मध्यें, कोमोनें तें बेट जाळून टाकिलें. तेथील लोक पलीकडच्या तीरावरील वारेन्ना येथें आश्रयास गेले. ११७६ मध्यें लेन्यानो येथें संघानें सम्राटाचा पराभव केला, तेव्हांही कोमोचे शिपाई सम्राटाकडूनच लढत होते.

म्हणून कोमो व लोदी यांस देशद्रोही म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. ज्याचें घर शेजाऱ्यानें पाडलें, त्यानें दूरच्या राजाकडे धांव घेतली, तर पहिला दोष घर पाडणाऱ्याचा. परक्यास वाट प्रथम दाखविली ती लोदीच्या त्या दोघांनीं नव्हे, लोदीचा बाजार बंद करणाऱ्या मिलाननें.

११८३ मध्यें पुनः त्याच कॉन्स्टन्स येथें तह झाला. आपले अधिकारी निवडण्याचा, तट बांधण्याचा व आपसांत संघ करण्याचा नगरांचा हक्क सम्राटानें मान्य केला. परंतु भय सरतांच ऐक्यही सरलें. नगरें पुनः भांडूं लागलीं. मग विस्कोंतीसारखे धनी आले, पुढें स्पेन आणि त्यानंतर ऑस्ट्रिया. १८५९ सालच्या वीरांस जें परत मिळवावें लागलें, तें असें गमावलेलें होतें.

कोमाचीनाचें गांव मात्र पुनः वसलें नाहीं. दरवर्षीं जूनमध्यें, सेंट जॉनच्या सणास, सरोवरावर होड्या निघतात, पाण्यांत दिवे सोडतात आणि दारूकामाच्या उजेडांत तें बेट क्षणभर पेटल्यासारखें दिसतें. तीरावर जमलेल्या लोकांस तो उत्सव असतो. ज्यास ११६९ सालची आठवण आहे, त्यास मात्र त्या उजेडांत पलीकडचें वारेन्नाही दिसल्यावांचून राहत नाहीं.