वीजदर निवडतो कोण? खोपोलीपासून नाशिकच्या वस्तीपर्यंत

वीजबिल कमी करायचे असेल तर आपल्या घराला परवडणारा दर निवडा, असा सल्ला आता सर्रास दिला जातो. सल्ला देणाऱ्याच्या मनात मोबाइलचे रिचार्ज असते. चार कंपन्या, चार योजना, आणि आपण हुशार ग्राहक. पण नाशिकच्या फुलेनगरात, भीमवाडीत किंवा सातपूरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसासमोर चार कंपन्या नाहीत. वीज देणारी महावितरण ही एकच कंपनी आहे. दर ठरवतो वीज नियामक आयोग, आणि तो दर आपल्याला कोणत्या वर्गवारीतून लागणार हे ठरवतो बिलावरचा ‘दर संकेत’ नावाचा छोटा रकाना. तो रकाना आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे?

आमचे म्हणणे असे की वीजदर ही बाजारातली वस्तू कधीच नव्हती. वीज कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या मालकीची, या भांडणातून दर जन्माला येतो. हे भांडण शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्यात बाबासाहेबांची बाजू स्पष्ट नोंदलेली आहे. ती समजून घेतल्याशिवाय हातातले बिलही नीट वाचता येणार नाही.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरची वीज आली ती गिरण्यांसाठी. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले आणि घाटावरचे पाणी मुंबईच्या कापड गिरण्या चालवू लागले. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडणार म्हणून 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला. जमीन मावळची आणि उजेड मुंबईचा, असा तो व्यवहार होता. 1910 च्या वीज कायद्याने परवाना घेतलेल्या कंपनीला ठरावीक क्षेत्रात वीज विकता येत असे. कंपनी नफा दिसेल तिथेच तारा नेणार. खेड्यातल्या महारवाड्यात तिला नफा दिसण्याचे कारणच नव्हते.

1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्यात कामगारांबरोबर पाटबंधारे आणि वीजही होती. आपल्या सभांमध्ये कामगार कायद्यांचा उल्लेख हमखास होतो, विजेचा क्वचितच होतो. 25 ऑक्टोबर 1943 रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक समितीसमोर त्यांनी भाषण केले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, आणि खासगी असेल तर लोकहितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात, हा प्रश्न त्यांनी सरळ टेबलावर ठेवला. त्याही पुढे जाऊन, मुळात आपल्याला वीज हवी कशासाठी, असे विचारले. उत्तर त्यांचेच होते: स्वस्त आणि भरपूर विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगांशिवाय या देशातला गरीब माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही. म्हणजे विजेचा दर हा त्यांच्या लेखी गरिबीचा प्रश्न होता. हिशेबनीसाच्या वहीतला आकडा एवढाच त्याचा अर्थ नव्हता. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि ही तरतूद संविधानातच असावी, अशी मागणी त्यांनी केली.

स्वतंत्र भारतात काकासाहेब गाडगीळ मंत्री असताना 1948 चा वीज (पुरवठा) कायदा झाला आणि राज्य वीज मंडळांचा रस्ता मोकळा झाला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले. नाशिकरोडजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राचा पहिला संच 1970 मध्ये सुरू झाला, आणि 1981 पर्यंत तिथे पाच संच झाले. मंडळात दोष भरपूर होते. गळती होती, भ्रष्टाचार होता, आणि स्वस्त विजेचा मोठा वाटा बड्या बागायतदाराच्या विहिरीवर गेला. तरीही कारखान्याकडून थोडे जास्त घेऊन घरगुती ग्राहकाचा दर कमी ठेवायचा, हे तत्त्व त्या व्यवस्थेत होते. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. काही जण तिला फुकटेगिरी म्हणतात. आम्ही तिला सामाजिक न्यायाचा हिशेब म्हणतो.

1991 नंतर वारे फिरले. वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. 1993 मध्ये मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. 1999 मध्ये तिथली वीज येऊ लागली आणि ती इतकी महाग पडली की 2001 मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. 1999 मध्येच राज्यात वीज नियामक आयोग आला. 2003 च्या वीज कायद्याने क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करायची दिशा दिली, आणि 6 जून 2005 रोजी मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्मली.

याच काळातले भारनियमन आठवा. गळती किती आणि वसुली किती हे पाहून विभागांचे गट पाडले गेले. गळती जास्त असेल तिथे अंधारही जास्त. कागदावर हा निकष जातनिरपेक्ष दिसतो. पण आपली गावे आणि शहरे जातीनुसार वसलेली आहेत. वायरिंग जुने, मीटर बंद, बिल थकलेले अशी घरे एकाच बाजूला का सापडतात, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याच भागात नियमित बिल भरणारी बाईही अंधारात बसली. गुन्हा कोणाचा हे न पाहता वस्तीला शिक्षा देण्याची पद्धत आपल्याला नवी नाही.

आता ‘निवडी’कडे येऊ. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला कंपनी निवडायची खरी संधी एकाच ठिकाणी मिळाली, मुंबईत. 8 जुलै 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर 2009 पासून उपनगरातला ग्राहक रिलायन्सच्या तारांवरूनच टाटांची वीज घेऊ लागला. पण जास्त वीज जाळणारे ग्राहक स्वस्त कंपनीकडे गेले की मागे राहिलेल्या छोट्या ग्राहकांचा भार उचलणार कोण? मोठे ग्राहकच ओढले जात असल्याची तक्रार झाली. ऑगस्ट 2012 मध्ये आयोगाला ही अदलाबदल महिना 300 युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती मर्यादित करावी लागली. ब्रिटनमध्ये तर घरागणिक कंपनी आणि दर निवडण्याची सोय 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. तरीही आधी पैसे भरून चालवायच्या मीटरवर अडकलेली गरीब कुटुंबे वर्षानुवर्षे महाग वीज घेत राहिली, आणि असे मीटर जबरदस्तीने बसवण्याचा प्रकार उघडकीला आल्यावर 2023 मध्ये तिथल्या नियामकाला तो थांबवावा लागला. बाजारातली निवड ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याच्या कामाला येते.

मग नाशिकच्या घराने काय करायचे? हातावर हात ठेवून बसायचे नाही. कंपनी निवडता येत नसली तरी वर्गवारी तपासता येते, आणि फरक तिथेच पडतो.

पहिली गोष्ट मीटरची. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. 2024-25 मध्ये पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटमागे 4 रुपये 71 पैसे होता आणि दुसऱ्याचा 10 रुपये 29 पैसे. आता एका मीटरवर दोन बिऱ्हाडे धरा, प्रत्येकाची वीज 90 युनिट. एकत्र 180 युनिटांचा वीज आकार होतो 1,294 रुपये. तीच दोन बिऱ्हाडे वेगळ्या मीटरवर असती तर दोघांचा मिळून 848 रुपये. दुसऱ्या मीटरचा साधारण 130 रुपये स्थिर आकार वजा केला तरी महिन्याला 300 रुपयांहून अधिक वाचतात, वर त्यावरचे 16 टक्के वीज शुल्कही. म्हणजे कमी वीज जाळणारे दोन गरीब संसार एका मीटरवर आले की श्रीमंताच्या टप्प्यात जातात. घरमालकाच्या सबमीटरवर राहणाऱ्या भाडेकरूची तर दुहेरी कोंडी. पहिला टप्पा त्याच्या वाट्याला येतच नाही आणि मालक सांगेल तो दर मुकाट्याने द्यावा लागतो. आडनाव पाहून खोली नाकारणाऱ्या शहरात मिळालेल्या खोलीच्या मालकाशी मीटरवरून कोण भांडणार? वीज कायद्याचे कलम 43 मात्र मालकाबरोबरच जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते. हे वस्तीत सांगितले पाहिजे.

जोडणीचा खर्च ही अडचण असेल तर 2021 मध्ये सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आठवा. 14 एप्रिल ते 6 डिसेंबर या काळासाठी आलेल्या त्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या घराला 500 रुपये अनामतीवर, तीही पाच हप्त्यांत, जोडणी देण्याची तरतूद होती. जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाच्या मधल्या काळापुरता उजेड देणारी योजना बारमाही का नसावी, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

दुसरी गोष्ट घरातल्या कामाची. घरी शिलाई मशीन चालवणारी, पापड लाटणारी किंवा खोलीच्या कोपऱ्यात किराणा ठेवणारी बाई ‘कमर्शियल’ झाली असे सांगून तिला घाबरवले जाते. आयोगाच्या दर आदेशानुसार घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिना 300 व वर्षाला 3,600 युनिटपर्यंत असेल, तर दर घरगुतीच राहतो. तपासणीनंतर कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणीची नोटीस आली, तर अंतिम आदेशाआधी लेखी हरकत घेण्याचा हक्क आहे. तोंडी विनवणीची नोंद कुठेच राहत नाही. हरकत कागदावरच द्या आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट आपल्या विहारांची. केवळ पूजा-उपासनेसाठी असलेल्या जागेला घरगुती दर लागू होतो. सभागृह लग्नाला भाड्याने दिले की त्या भागाला व्यापारी दर लागतो. विहार समित्यांनी बिलावरचा दर संकेत पाहावा, आणि भाड्याच्या हॉलचे मीटर वेगळे ठेवावे.

आता नव्या आमिषाचे बोलू. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, त्यामुळे योजनेमागे तर्क आहे. पण त्या वेळेत घरी कोण असते? सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार नसतो, चार घरची धुणीभांडी करणारी बाई नसते, बांधकामावरचा मजूर नसतो. त्यांचा पंखा आणि दिवा रात्री चालतो. दुपारी वॉशिंग मशीन लावता येणाऱ्या घराला सवलत पहिल्यांदा पोचते. छतावरच्या सौर पॅनेलचे तेच. केंद्राची योजना 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देते, पण त्यासाठी आधी स्वतःचे छत लागते.

ज्यांना ही सवलत घेता येते त्यांनी जरूर घ्यावी. पाण्याची मोटर, इस्त्री, गिरणी दिवसा चालवावी. मात्र वेळेच्या सवलतीलाच न्याय म्हणू नये. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी ठेवणे आणि ती मर्यादा वाढवणे, ही सगळ्या कष्टकऱ्यांपर्यंत पोचणारी मागणी आहे.

ही मागणी करायची जागाही ठरलेली आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर कलम 64 नुसार आयोगाला जनतेच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात, आणि महावितरणच्या प्रस्तावावरची सुनावणी नाशिकमध्येही होते. तिथे उद्योजकांच्या संघटना आकडे आणि वकील घेऊन येतात. आपल्या वस्तीतून कितीसे लोक जातात? बाबासाहेबांनी 1943 मध्ये विचारलेला प्रश्न आजही त्या सभागृहात उत्तराची वाट पाहत आहे: वीज कशासाठी? तो विचारायला नाशिकच्या प्रत्येक विहार समितीने, महिला बचत गटाने, भाडेकरूंच्या गटाने पुढच्या सुनावणीला किमान एक लेखी हरकत द्यावी. सोबत आपल्या वस्तीतली बारा महिन्यांची दहा बिले जोडावीत. ती बिले गोळा करायला येत्या रविवारपासून सुरुवात करता येईल.

जय भीम.