गॉगल (उन्हाचा चष्मा)

प्रखर सूर्यप्रकाश, त्याची चकाकी आणि त्यातील अपायकारक अदृश्य किरण यांपासून डोळ्यांचे रक्षण करण्यासाठी वापरण्यात येणारे साधन. इंग्रजीत ‘गॉगल’ ही संज्ञा डोळे चहूबाजूंनी झाकणाऱ्या संरक्षक चष्म्यास लावतात; मराठीत ती उन्हाच्या सर्वच चष्म्यांना रूढ झाली आहे. डोळे दिपविणारी चकाकी दृश्य प्रकाशाची असते. मात्र डोळ्यांना इजा करणारे जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील) किरण दिसत नाहीत. हा भेद जसजसा उमगत गेला, तसतसे गॉगलचे स्वरूप बदलत गेले. त्याच्या निवडीची मुख्य कसोटीही हाच भेद होय.

उत्तर ध्रुवाजवळील इन्यूइट लोक व त्यांचे पूर्वज वॉलरसचे सुळे, हाडे वा लाकूड यांच्या पट्टीला आडव्या बारीक फटी पाडून ती डोळ्यांवर बांधीत. तिबेटमध्ये याकच्या केसांच्या विणलेल्या जाळीचा असाच उपयोग करीत. या साधनांत काच नव्हती. पण प्रकाशाचा शिरकावच कमी होत असल्याने दृश्य व अदृश्य अशा दोन्ही किरणांना आपोआप आळा बसे. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील चष्मे बनविणारे जेम्स अ‍ॅस्कॉ यांनी निळ्या व हिरव्या काचांचा पुरस्कार केला. तथापि त्यांचा हेतू उन्हापासून रक्षण हा नसून दृष्टीला आराम मिळावा हा होता.

काचकारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूच्या संदर्भात सर विल्यम क्रुक्स (१८३२–१९१९) यांनी काचेचे तीनशेहून अधिक नमुने तपासले. सिरियमयुक्त काच जंबुपार किरण शोषून घेते, असे त्यांनी १९१३ मध्ये दाखविले. काचेचा गडदपणा आणि तिची संरक्षकता या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

हा भेद दृष्टीआड झाल्यास काय घडते, याचे उदाहरण १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत आढळते. ४ जून रोजी सु. ८,५७३ मी. उंचीपर्यंत पोहोचलेले एडवर्ड नॉर्टन यांनी चढताना गॉगल काढून ठेवला होता. त्याच्या कडांमुळे पाऊल ठेवण्याची जागा नीट दिसत नव्हती आणि खडकावर चकाकीही फारशी जाणवत नव्हती. त्या रात्री त्यांना हिमांधत्व आले आणि सु. साठ तास त्यांना काही दिसत नव्हते. उंची दर १,००० मी. वाढल्यास जंबुपार किरणांची तीव्रता सु. १० टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ त्यांपैकी सु. ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करते. हिमांधत्व म्हणजे स्वच्छमंडलाचा (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा) एक प्रकारचा दाह असून तो काही तासांनंतर जाणवू लागतो.

अमेरिकेत सॅम फॉस्टर यांनी १९२९ मध्ये अटलांटिक सिटी येथे सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकण्यास आरंभ केला आणि ही वस्तू सामान्यांच्या हाती आली. एडविन लँड (१९०९–९१) यांच्या ध्रुवणकारी पटलाचा उपयोग १९३० नंतरच्या दशकात गॉगलमध्ये होऊ लागला. पाणी व ओला रस्ता यांवरून परावर्तित होणारा प्रकाश बह्वंशी आडव्या दिशेने ध्रुवित असतो. असे पटल तो अडविते. १९३७ पासून वैमानिकांसाठी तयार झालेल्या धर्तीचे गॉगल ‘रे-बॅन’ या नावाने बाजारात आले. प्रकाशानुसार गडद होणारी काच कॉर्निंग कंपनीने १९६४ मध्ये तयार केली.

गुणवत्तेचे नियमन मात्र उशिरा झाले. ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्ये गॉगलसाठी मानक ठरविले. अमेरिकेत १९७२ पासून भिंगांची आघातसहता बंधनकारक झाली. या परीक्षेत सु. १६ ग्रॅ. वजनाचा पोलादी गोळा १२७ सेंमी. उंचीवरून भिंगावर टाकतात. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात गडदपणानुसार शून्य ते चार असे वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गातील भिंगातून ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत येतो व ते कडक उन्हासाठी योग्य असते. चौथ्या वर्गातून ३ ते ८ टक्केच प्रकाश येत असल्याने वाहन चालविताना ते वापरू नये.

निवड करताना ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविले जातात काय, हे प्रथम पाहावे. केवळ गडद परंतु हे किरण न रोखणाऱ्या काचेमागे डोळ्याची बाहुली विस्फारते व अपायकारक किरण अधिक प्रमाणात आत शिरतात. ध्रुवणकारी भिंग चकाकी घालविते. पण त्यामुळे जंबुपार किरणांपासून संरक्षण मिळेलच असे नाही. काचेवर सहसा ओरखडे पडत नाहीत, पण ती जड व ठिसूळ असते. पॉलिकार्बोनेट हलके व आघातसह असून जंबुपार किरण स्वभावतःच शोषते. मात्र त्यावर कठीण लेप आवश्यक असतो. भिंग हातभर अंतरावर धरून खिडकीच्या चौकटीकडे पाहत हलवावे. चौकटीची सरळ रेषा वाकडी दिसल्यास भिंग सदोष समजावे. बाजूंनी येणारा प्रकाशही अपाय करीत असल्याने चौकट रुंद व चेहऱ्याला लगटून बसणारी असावी. परंतु नॉर्टन यांना आली तशी अडचण येऊ नये म्हणून पायाखालची वाट तीतून स्पष्ट दिसली पाहिजे. बिजागऱ्या घट्ट असल्यास गॉगल दीर्घकाळ टिकतो. कोणताही गॉगल सूर्याकडे थेट पाहण्यासाठी किंवा ग्रहण पाहण्यासाठी सुरक्षित नसतो.