घरच्या इन्व्हर्टरची निगा

निगडी प्राधिकरणातील बंगल्यांच्या जिन्याखाली आणि सदनिकांच्या कोरड्या बाल्कनीत इन्व्हर्टरची जड पेटी वर्षानुवर्षे उभी असते. बहुतेक घरांत ती भारनियमनाच्या काळात आली. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा राज्यात विजेची तूट मोठी होती आणि घड्याळ लावून वीज जात असे. २००६ मध्ये ‘पुणे पॅटर्न’ आकाराला आला. मागणीच्या वेळी कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची, त्यांच्या वाट्याची वीज शहराला मिळायची आणि जादा खर्चाचा भार ग्राहकांनी उचलायचा, अशी ती योजना होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची नित्याच्या भारनियमनातून सुटका झाली. इन्व्हर्टर मात्र घरातच राहिला.

आता वीज जाते ती गुरुवारच्या दुरुस्तीसाठी, वळवाच्या पावसात तारांवर फांदी पडल्याने, किंवा फेब्रुवारी २०२२ मध्ये ४०० केव्हीच्या पारेषण वाहिन्यांत बिघाड होऊन पुणे-पिंपरी-चिंचवड-चाकण परिसर काही तास विजेविना राहिला तशी, अवचित. रोजची गरज संपल्याने पेटीकडे कोणाचे लक्ष उरत नाही, आणि नेमक्या वेळी ती दहा मिनिटांत मान टाकते. ‘फारसा वापरच नाही, मग बॅटरी गेली कशी?’ हा प्रश्न तेव्हा हमखास विचारला जातो.

त्याचे उत्तर बॅटरीच्या रचनेत आहे. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवर क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी जोडलेली असते. तिच्या सहा कप्प्यांत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाम्ल असते. वीज सुरू असताना चार्जर तिला सतत थोडा प्रवाह पुरवत राहतो. त्या प्रवाहाने आम्लातील पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होऊन ते वायू झाकणातून बाहेर पडतात. म्हणजे वीज एकदाही गेली नाही तरी पाणी आटतच असते. प्लेटांचा वरचा भाग उघडा पडला की तो कडक होतो आणि नंतर कितीही पाणी घातले तरी पूर्ववत होत नाही. उन्हात तापणाऱ्या बाल्कनीत हे सारे दुपटीने लवकर घडते; तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. सावलीची, हवेशीर जागा ही म्हणूनच देखभालीची पहिली पायरी होय.

पाण्याची पातळी दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला पाहावी. तरंगत्या दर्शकाची दांडी खालच्या खुणेपर्यंत उतरण्याची वाट पाहू नये. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. पवनेचे पाणी निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध होऊन नळाला येते, ते पिण्यास उत्तम. पण त्यातील क्षार प्लेटांना मारक ठरतात. घरच्या आरओचे पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसते, आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यात धूळ व धातूचे अंश उतरतात. गल्लीतील कारागीर कधी कधी ‘थोडे अ‍ॅसिड घालू’ असे सुचवतात. तो सल्ला मानू नये. आटते ते पाणी, आम्ल नव्हे. पाणी घालायचे ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, आणि वरच्या खुणेपर्यंतच. चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरल्यास आम्ल वर येऊन सांडते.

टर्मिनलवर जमणारा पांढरा-हिरवट थर हा दुसरा शत्रू. त्याने जोड सैल पडतो, तारा तापतात आणि इन्व्हर्टर बॅटरी संपल्याची खोटी सूचना देऊ लागतो. सफाईपूर्वी इन्व्हर्टर बंद करून त्याची पिन काढावी. मग आधी ऋण, नंतर धन टर्मिनल सोडवावे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने थर काढावा, मात्र ते पाणी कप्प्यात शिरता कामा नये. कोरडे पुसून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. जोडताना क्रम उलटा : आधी धन. तारांची अदलाबदल झाली तर इन्व्हर्टरचा सर्किट बोर्ड क्षणात जळतो.

औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. महिन्यातील एखाद्या गुरुवारी इन्व्हर्टरची परीक्षा घ्यावी. त्याचा मुख्य पुरवठा बंद करून दोन पंखे व दोन दिवे तासभर चालवावेत. मल्टिमीटर हाताशी असेल तर टर्मिनलवरील दाब मोजावा. चार्ज होऊन काही तास विसावलेली निरोगी बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. एवढ्या हलक्या भारावर अर्ध्या तासात आकडा १२ च्या खाली उतरला तर बॅटरी थकली आहे. त्यानंतर पुरवठा सुरू केला की दाब हळूहळू चढत साडेतेराच्या पुढे गेला पाहिजे. तो १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर दोष बॅटरीत नसून बहुधा चार्जिंगमध्ये आहे. अशा वेळी मागचा फ्यूज किंवा एमसीबी आधी तपासावा. नवी बॅटरी विकत घेऊन पस्तावणारे पुष्कळ.

हायड्रोमीटरने आणखी नेमके निदान होते. चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीत आम्लाची घनता साधारण १.२४ भरते. पाच कप्पे सारखे आणि सहावा ०.०५ ने खाली असेल तर तो कप्पा निकामी झाला, असे समजावे. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे.

बॅकअप कमी मिळण्यामागे पुष्कळदा भार वाढल्याचे साधे कारण असते. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. नुकसान व राखीव साठा वगळता हाती हजार-अकराशे लागतात. जुने तीन पंखे आणि तीन ट्यूबलाइट मिळून सुमारे ३४५ वॅट होतात, म्हणजे तीन तास. तेच पंखे बीएलडीसी आणि दिवे एलईडी असतील तर भार दीडशेवर येतो आणि तीच बॅटरी जवळजवळ सात तास पुरते. फ्रिज, गिझर, इस्त्री यांची तार इन्व्हर्टरकडे जाऊच देऊ नये.

वीज असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत असेल तर बाहेरचा दाब कमी आहे का ते पाहावे. मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. यूपीएसवर तो सुमारे १८० व्होल्टखालचा पुरवठा नाकारतो; नॉर्मलवर बराच खालचा दाबही स्वीकारतो. संगणक नसलेल्या घरात नॉर्मल पुरेसे. आरसीसीबी मात्र वारंवार पडत असेल तर संशय न्यूट्रलवर घ्यावा. वायरिंग मागाहून वाढवलेल्या घरांत इन्व्हर्टरच्या मार्गाचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच.

मुख्य स्विच बंद केला म्हणजे घरात वीज नाही, ही समजूत जिवावर बेतू शकते. इन्व्हर्टर चालू असेल तर त्याच्या मार्गावरील पंखा, दिवा आणि सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतातच. स्टुलावर चढून पंख्याला हात लावणाऱ्याने, मग तो घरचा असो वा बाहेरचा कारागीर, मुख्य स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असल्याची खात्री स्वतः टेस्टर लावून करावी. बॅटरीजवळ उदबत्ती, देवघराचा दिवा किंवा सिगारेट नको. हायड्रोजन पेट घेतो. सडक्या अंड्यासारखा वास, फुगलेली बाजू किंवा हाताला चटका बसेल एवढी उष्णता जाणवली तर चार्जिंग लगेच थांबवून खिडक्या उघडाव्यात आणि विक्रेत्याला बोलवावे. आम्ल डोळ्यांत उडाले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे व तातडीने डॉक्टरांकडे जावे. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरील रुग्ण असेल तर निव्वळ इन्व्हर्टरवर विसंबू नये. भरलेला सिलिंडर जवळ असावा.

लिथियम बॅटरीला पाणी घालावे लागत नाही. मात्र जुना इन्व्हर्टर ठेवून नुसती बॅटरी बदलता येईलच असे नाही. त्याच्या चार्जरचा दाब नव्या बॅटरीस अनुरूप आहे का, हे खरेदीपूर्वी विचारावे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर देण्याची प्रथा अजून आहे. शिसे विषारी आणि आम्ल बहुधा गटारात ओतले जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेताना विक्रेते जुनीची किंमत वळती करून देतात. तशी नोंद बिलावर मागून घ्यावी आणि नव्या बॅटरीच्या हमीपत्रावर खरेदीची तारीख लिहिली आहे ना, हे दुकानातच पाहावे.