ऱ्हाईनकाठची देवनागरी

बॉन म्हटले की बीथोवेनचे जन्मगाव आठवते, फार तर १९४९ ते १९९० या काळातील पश्चिम जर्मनीची राजधानी. ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर, रोमन छावणीच्या जागी वाढलेले हे शहर आम्हांला जवळचे वाटते ते मात्र वेगळ्या कारणाने. १८१५ मध्ये हा प्रदेश प्रशियाकडे आला आणि १८१८ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन झाले. शेक्सपिअरचा विख्यात अनुवादक ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल तेथे प्राध्यापक म्हणून आला आणि संस्कृत शिकवू लागला. पॅरिसमध्ये देवनागरीचे खिळे घडवून घेऊन त्याने १८२३ मध्ये भगवद्गीतेची संहिता लॅटिन अनुवादासह बॉनमध्ये छापली. हुम्बोल्टने तिच्यावर बर्लिनच्या अकादमीत व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांचे परीक्षण हेगेलने लिहिले. श्लेगेलने भारत कधी पाहिला नाही. ग्रंथांतूनच त्याला तो भेटला. ज्ञानेश्वरांनी गीता पंडितांकडून लोकांच्या भाषेत आणली. श्लेगेलने ती युरोपातील पंडितांच्या भाषेत नेली. अनुवाद कोणासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. उत्तरे मात्र उलट. राजधानीचा मान बॉनकडून गेला. अनुवादाचा हा प्रश्न मात्र, आम्हांला वाटते, अजून आपल्यापुढे उभाच आहे.