संसार सांभाळून धम्मकार्य : सदानंद फुलझेले यांचे स्मरण

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत तथागतांवर आणि बाबासाहेबांवर लेख येतात, ते यायलाच पाहिजेत. यंदा मात्र आम्ही एका कार्यकर्त्याविषयी लिहायचे ठरविले. त्याने घर सोडले नाही, चीवर धारण केले नाही, पण उभे आयुष्य समाजाच्या कामात घातले. ते म्हणजे नागपूरचे सदानंद फुलझेले.

14 ऑक्टोबर 1956 चा दिवस आपल्या घराघरात सांगितला जातो. आपल्या हिंगणीहून नागपूर काही फार दूर नाही. त्या दिवसात मिळेल त्या गाडीने, बैलबंडीने, नाहीतर पायीच लोक निघाले. पांढरे कपडे, शिदोरीला भाकरी, कडेवर लेकरू. कोणी दागिना मोडून भाडे उभे केले. आपण लहानपणापासून हे ऐकत आलो. पण एक गोष्ट आपण सहसा विचारत नाही. एवढे लाखो लोक जिथे बसले, ती जागा तयार केली कोणी?

बाबासाहेबांनी 23 सप्टेंबर 1956 रोजी दीक्षेची तारीख आणि ठिकाण जाहीर केले. हाताशी उरले जेमतेम तीन आठवडे. भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेचे चिटणीस वामनराव गोडबोले हे धावपळीत पुढे होते. त्यांच्या जोडीला होते सदानंद फुलझेले. वय तिशीच्या आत, आणि नागपूर महापालिकेचे उपमहापौर! नागपूर त्यावेळी मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला तो दीक्षेनंतर, 1 नोव्हेंबर 1956 ला. अशा राजधानीच्या शहरात आपल्या समाजाचा एक तरुण उपमहापौराच्या खुर्चीत बसला होता, ही साधी गोष्ट नव्हती.

खुर्ची मिळाली की माणूस समाजाला विसरतो, असे आपण पुष्कळदा पाहतो. फुलझेले विसरले नाहीत. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे ते मैदान, मंडप, पाणी, दिवाबत्ती, बाहेरगावच्या लोकांची सोय, या सगळ्याचा भार गोडबोले-फुलझेले यांच्यासारख्यांनी उचलला. समता सैनिक दलाच्या जवानांनी शिस्त राखली. 11 तारखेला बाबासाहेब नागपुरात आले, सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. 14 ला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि मग जनसमुदायाला 22 प्रतिज्ञा दिल्या. 15 तारखेला नागपूर महापालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. त्या पालिकेचा उपमहापौर कालच्या मैदानावरचा कार्यकर्ता होता!

पण खरे काम पुढेच होते. अवघ्या 53 दिवसांनी, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला. उत्साहात मंडप उभारणारे खूप असतात. मंडप सुटल्यावर जागा राखणारे थोडे. फुलझेले त्या थोड्यांपैकी. दीक्षेची भूमी समाजाच्या हाती राहावी, तिथे स्मारक व्हावे, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक समितीत त्यांनी अनेक दशके काम केले, दीर्घकाळ सचिवपद सांभाळले. दादासाहेब गायकवाड, पुढे रा. सू. गवई यांच्यासारखे नेते समितीला लाभले. नेते दौऱ्यावर असले तरी कागद, हिशेब, पत्रव्यवहार बघायला कोणीतरी जाग्यावर लागतोच ना! 1964 साली दीक्षाभूमीवर महाविद्यालय सुरू झाले. 1968 मध्ये भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतून आणलेला बोधिवृक्ष तिथे लागला. स्तूपाचे बांधकाम 1978 साली सुरू झाले आणि 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे एकट्या स्तूपाला 23 वर्षे! आज आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनी स्तूपापुढे हात जोडतो, तेव्हा ही 23 वर्षे डोळ्यापुढे आणावी.

15 मार्च 2020 रोजी नागपुरात फुलझेले यांचे निधन झाले. वय नव्वदीच्या पुढे. दीक्षेपासून मोजले तर 63 वर्षांहून अधिक काळ!

हा माणूस संसारी होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कोणी म्हणतात, "घर सांभाळू का समाज?" याचे उत्तर तथागतांनी सिगालोवाद सुत्तात दिले आहे. राजगृहाचा तरुण सिगाल सहा दिशांना नमस्कार करीत होता. बुद्धांनी त्याला सांगितले, पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकोमुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा नोकरचाकर आणि वरची श्रमण-ब्राह्मण. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, घरचा अधिकार तिच्या हाती द्यावा. कमाईचे चार भाग करावे. एक स्वतःसाठी, दोन कामधंद्यात, एक अडीअडचणीसाठी. घर आणि समाज हे दोन वेगळे रस्ते नाहीतच. घरात जो हिशेबाने, मायेने वागतो, त्याच्याच हाती समाजाचा पैसा शोभतो. बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खूविषयीच विचारले आहे, की तो केवळ परिपूर्ण मानव व्हायचा की समाजसेवक? भिक्खूकडून सेवेची अपेक्षा, तर आपण घरदारवाल्यांनी सुटका कशी मागावी?

फुलझेले यांचे नाव इतिहासात राहिले, कारण काम मोठ्या जागी होते. पण प्रत्येक वस्तीत असे लोक झाले. वर्गणीसाठी दारोदार फिरणारे, विहाराच्या भिंतीला माती-विटा वाहणारे, पहाटे झाडलोट करून बुद्धवंदनेला सतरंजी टाकणारे. त्यात आपल्या मायबहिणी किती! पावतीपुस्तकावर नवऱ्याचे नाव, घाम मात्र तिचा. दीक्षेचा सोहळा ज्यांनी कळत्या वयात पाहिला, ते आज ऐंशीच्या आसपास वा पुढे आहेत. ते गेले की सांगणारे कोणी उरणार नाही.

म्हणून आमची तरुण मुलामुलींना एकच विनंती. एक वही घ्या. घरच्या आजी-आजोबांजवळ बसा. विहारासाठी कोणी जागा दिली, कोणी विटा वाहिल्या, कोण रात्रभर जागले, सारे नावनिशी लिहा. बायांची नावे आधी लिहा, कारण तीच आधी पुसली जातात. ती वही विहारात ठेवा. सदानंद फुलझेले आणि त्यांच्यासारख्या अनाम कार्यकर्त्यांना हीच खरी आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!