पाऊलमापनाचा इतिहास : आखलेल्या कडेपासून घनमापनापर्यंत

मानवी शरीराच्या मापनाचा इतिहास हा प्रामुख्याने डोक्याच्या व नाकाच्या मापांचा इतिहास आहे. सर हर्बर्ट रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकाच्या मापांवरून हिंदी जातींची प्रतवारी लावू पाहिली. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची दृष्टी निराळी असली, तरी समूहांची तुलना हाच त्याचाही विषय होता. या चर्चेत पाऊल कडेलाच राहिले. त्याचे माप पिढ्यान्‌पिढ्या घेतले ते जोडे करणाऱ्या कारागिराने. मोजण्याची ही दोन प्रयोजने, वर्गीकरण आणि उपयोग, वेगळी ओळखल्याखेरीज पाऊलमापनाच्या इतिहासाचा अर्थ लागत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड हे वऱ्हाडच्या दक्षिण भागातील गाव. या मुलखातील गावगाड्यात चर्मकाराचे स्थान बारा बलुतेदारांत होते. कुणब्याची मोट शिवणे व वहाणा करून देणे हे त्याचे काम. सुगीच्या वेळी खळ्यावरचे धान्य हा त्याचा मोबदला. पाऊल चामड्यावर टेकवून त्याची कड आखावयाची व त्या रेषेवर रापी चालवावयाची, ही त्याची मापनाची रीत. या आखणीत लांबी आणि रुंदी उतरत असे. पावलाच्या पाठीची उंची व चवड्याचा घेर उतरत नसे. ही तिसरी मिती वापरणाऱ्याच्या चालण्यातून सिद्ध होई. नवी वहाण चावे. तिला तेल पाजले जाई. काही दिवसांनी कातडे पायाचा आकार घेई. तरीही माप चुकले तर तेच पाऊल कारागिराच्या दारी परत येई. मापाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता.

अंकांनी सांगितलेल्या मापाची परंपरा याहून वेगळी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल व चौदा अंगुलांचे एक पद सांगितले आहे. म्हणजे तेथे पाऊल हेच मोजण्याचे साधन आहे. इंग्लंडातही जवाचा दाणा हेच मूळ परिमाण होते. तीन दाण्यांचा एक इंच, आणि जोड्याच्या दोन लागोपाठच्या क्रमांकांतील अंतर एक दाणा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. या पद्धतीची नोंद रँडल होम यांच्या १६८८ मधील ग्रंथात आढळते. मात्र हा क्रमांक केवळ लांबीचा होय. पावलाचा उरलेला आकार काळबुतात, म्हणजे ज्या साच्यावर जोडा चढवितात त्यात, गृहीत धरलेला असतो. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात हे क्रमांक रूढ झाले व स्वातंत्र्यानंतरही टिकले. पण त्यांचा पाया येथील पावलांच्या पाहणीवर घातलेला नव्हता.

या उणिवेचे गांभीर्य वैद्यकाने दाखवून दिले. मणिपाल येथील राव व जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी मुलांत शेकडा २.८ आढळले. जोडा पावलाचा केवळ आश्रय नसून त्याच्या घडणीशीही त्याचा संबंध आहे, असे यावरून सूचित होते. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न पाय राहण्या-जाण्याचाच होता. विदर्भात मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापिलेल्या महारोगी सेवा समितीद्वारे वरोऱ्यास कार्य उभारले. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखविले की, या रुग्णांच्या तळपायावरील जखमांचे मोठे कारण म्हणजे संवेदना गेलेल्या पायावर पुनःपुन्हा पडणारा दाब होय. धडधाकट माणसाला चावणारा जोडा स्वतःच सूचना देतो; बधिर पायाला ती मिळत नाही. कारागिराच्या दारी परत जाण्याची वेळ कळविणारी वेदनाच येथे नाहीशी झालेली असते. मधुमेहाने संवेदना गमावलेल्या पायांनाही हेच लागू पडते. अशा पायांसाठी मऊ रबरी तळ आणि तळपायाच्या उंचसखलपणाचे अचूक माप, दोन्ही आवश्यक ठरतात.

असे समग्र माप मोठ्या संख्येने घेणे घनमापक यंत्रांनी शक्य झाले. पावलावर प्रकाशकिरण टाकून त्याच्या पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची स्थाने टिपली जातात व त्यांपासून लांबी, रुंदी, घेर, कमान व पाठीची उंची एकत्रच काढली जाते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांतील ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींची पावले या रीतीने मोजली. विभागपरत्वे निराळ्या पद्धती लागतील, हा आरंभीचा अंदाज खरा ठरला नाही. सर्वांना एकच पद्धती पुरेल असे दिसले. भारतीय पाऊल तुलनेने रुंद असल्याचेही स्पष्ट झाले. त्यावरून वय व लिंग यांनुसार आठ गटांची ‘भा’ ही मापपद्धती सुचविण्यात आली.

रिस्ले यांनी मापांवरून माणसांत भेद काढले. या पाहणीने प्रांताप्रांतांतील भेद जोड्यापुरते गौण ठरविले. उपयोगासाठी केलेल्या मापनाचा हा मोठा लाभ होय. परंतु मोजलेल्या व्यक्तींचे वय ३ ते ५५ वर्षे होते. पायांची दुखणी, विशेषतः मधुमेहजन्य, ज्या वयात बळावतात, ते वय या मर्यादेबाहेर राहिले. शिवाय सरासरी कितीही अचूक असली, तरी व्याधीने विरूप झालेले पाऊल तिच्यात बसत नाही. दुसरबीडसारख्या गावी तयार जोड्याने वहाणेची जागा घेतली, तेव्हा मापाबरोबर ते दुरुस्त करून देणारी व्यक्तीही दूर गेली. म्हणून घनमापनाचे पुढचे कार्य केवळ क्रमांक ठरविण्यापुरते राहू नये. ज्या वृद्धाला किंवा रुग्णाला जोडा चावला तरी कळत नाही, त्याच्या एकेका पावलाचे माप तालुक्याच्या दवाखान्यात घेता येईल, तेव्हाच हे शास्त्र जुन्या कारागिराच्या जबाबदारीपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.