मंडई, महात्मा आणि मेथीची जुडी

परवाच्या रविवारी मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर घराजवळच्या शेतकरी आठवडी बाजारात गेलो होतो. पुण्यात असे बाजार आता ठिकठिकाणी भरतात. २०१६ साली सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकाला माल विकणं सोपं झालं.

मेथीची जुडी वीस रुपये. सवयीने मी म्हणालो, "पंधराला द्या." विकणारी बाई शांतपणे म्हणाली, "आजोबा, इथं मधी कुणी न्हाई. तुमी कमी केलं की माझंच कमी व्हतंय."

मी गप्पच झालो.

ही घासाघीस मी शिकलो ती वडिलांचं बोट धरून, मंडईत. मधला तो उंच अष्टकोनी मनोरा बघत मी उभा राहायचो आणि वडील पैशा-पैशासाठी भांडायचे. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या मंडईची कथा मोठी गंमतीची आहे. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरे. इंग्रजी अमदानीत नगरपालिकेने भव्य इमारत बांधायचं ठरवलं. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी लिहिला तो १८८३ सालचा, म्हणजे याच सुमाराचा. पण त्यांचं कोण ऐकतो! १८८६ साली इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळालं, महात्मा फुले मंडई! ज्याने विरोध केला, त्याचंच नाव आज त्या इमारतीवर आहे.

वर्गात मी वर्षानुवर्षं फुले शिकवले. मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या. आणि संध्याकाळी पिशवी घेऊन त्याच नावाच्या मंडईत जुडीमागे चार आणे कमी करून घेतले! हा विरोधाभास इतक्या वर्षांत एकदाही टोचला नाही. तो दाखवून दिला, कदाचित शाळेत फारशी न गेलेल्या एका बाईने.

असो. वीस रुपये दिले. नातीने जुडी जपून पिशवीत ठेवली. घरी येताना तिने विचारलं, "आजोबा, त्या मावशींना किती उरत असतील हो?"

सनावळ्या मला पाठ आहेत. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही.